बोटबाईंचे कोरडे हात

मैत्रिणींच्या आयांच्या हातांना कांद्याचा, नाहीतर साबणाचा वास यायचा. माझ्या आईच्या हातांना कशाचाच यायचा नाही. स्टीलची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात ती वंगणाची परीक्षा घ्यायची. पत्र्याच्या गोल चकतीला तेल लावायचं, प्रेसखाली दाबून तिची वाटी करायची, किती जोर लागला ते काट्यावर बघायचं. तेल कुचकामी असलं की पत्रा साच्याला घासायचा आणि वाटीवर ओरखडे उठायचे. डोळ्यांना न दिसणारा ओरखडाही आईच्या बोटाला सापडायचा. कारखान्यात तिला सगळे बोटबाई म्हणत, आणि तिला त्याचा भारी अभिमान!

एकदा मात्र बोटबाईंनीच घोळ घातला. सकाळी माझ्या डोक्यावर तेल थापून वेण्या घातल्या, घाईघाईत हात धुतले आणि कामावर गेल्या. तुलनेसाठी पहिली चकती बिनतेलाची, कोरडी दाबायची असते. तिला आईच्या बोटांचं तेल लागलं आणि ती अलगद साच्यात उतरली. तिच्यापुढे नवं, चांगलं वंगण फिकं पडलं, नापास झालं. पुन्हा चाचणी घेतली तेव्हा चूक उघडकीला आली. साहेब हसले, पण आईच्या ते जिव्हारी लागलं. तिने तेलाची बाटली बाबांच्या हवाली केली.

"अगं, हातमोजे घाल की," बाबा म्हणाले.

"मोज्यातून पत्रा कळत नाही."

विषय संपला. बाबांची एक वेणी पूर्वेला जायची, एक पश्चिमेला. वर्गात हसं व्हायचं ते वेगळंच. मी रुसायचे, रडायचे. मला आईचेच हात हवे होते. सुट्टीच्या दिवशी तरी लाव म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असायचंच.

निवृत्त झाली त्या संध्याकाळी आईने हाक मारली. "ये, बस खाली." हातात कारखान्यातून आणलेली चाचणीची वाटी, काठोकाठ तेलाने भरलेली.

"आई, आता केस कुठे राहिलेत? बॉबकट, तोही विरळ."

"आहेत तेवढे पुरेत."

मी तिच्या पायांशी बसले. किती बरं वाटलं, काय सांगू! तिची बोटं फिरत फिरत माझ्या कानामागे आली आणि थबकली.

"हा ओरखडा कसला गं?"

"शाळेच्या जिन्यावरून पडले होते. टाका पडला होता. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून बाबांनी वेणीखाली लपवला."

आईने बोट पुन्हा त्यावरून फिरवलं. मग हळूच म्हणाली, "आणि मला सापडला नाही."

ती त्याच जागी तेल जिरवत राहिली, वाटी रिकामी झाली तरी.