ज्युदोच्या हॉलमधली दिवाळी

२००६च्या दिवाळीत आपल्या मंडळाच्या गाण्यांच्या कार्यक्रमासाठी एका साठीच्या जपानी बाईंचा ज्युदोचा क्लास कॅन्सल केला गेला, आणि तोही कायमचा. स्टेज लावायला शनिवारची सकाळ हवी, एवढंच कारण! बाईंचं नाव मला माहीत नाही. अन्याय मात्र मी पाहिलाय.

अमेरिकेतल्या एडिसन गावाजवळचा तो हॉल मुळात ज्युदोसाठी बांधलेला. आता बडे गायक येतात म्हणून गाजतो. आम्ही पोचलो तेव्हा बाई सामान न्यायला आल्या होत्या. आतल्या बाजूला, दाराच्या वर त्यांच्या गुरूंचा फोटो होता. बूट काढून त्या फोटोसमोर कमरेत वाकल्या, आणि नेमक्या त्याच दारातून आमच्या काकू आत शिरल्या.

"अय्या, किती वाकून वेलकम करतायत! दे, कोट ह्यांच्याकडेच दे."

बघता बघता बाईंच्या हातांवर कोटांचा ढीग. मी धावत जाऊन सॉरी म्हणालो. त्या हसल्या. "ज्युदोत कॉलर पकडायला झगडावं लागतं. तुमचे लोक अख्खा कोट आपणहून देतात!"

मग एकेक कोट खुर्चीवर नीट ठेवत म्हणाल्या, "टोकियोतल्या मोठ्या ज्युदो हॉलमध्येही जगभरचे बँड गातात. तिथे ज्युदो बंद नाही पडलं. इथेच का?"

मंडळ यंदाही तोच हॉल घेतंय. तिकीट काढण्याआधी कमिटीला फोन करा आणि ठणकावून सांगा: हॉलवाल्यांना बाईंची शनिवारची सकाळ परत द्यायला लावा, नाहीतर आम्ही येणार नाही.