मोराची हनुवटी

"हाताला टोकू नये, हात रुसतो," असं दाजी नेहमी म्हणायचा. अंबाडीपलीकडच्या पाड्यावरचा हा म्हातारा बोहाड्याच्या जत्रेत नाचणाऱ्या देवादानवांचे, जनावरांचे मुखवटे घडवायचा. त्याच्या बापानं त्याला बोटांवर काठी मारून शिकवलं होतं. धाकट्या भावानं तर त्या माराला कंटाळून ही कलाच सोडली. म्हणून दाजीनं कुणाला कधी 'चुकलं' म्हटलं नाही.

प्राजक्ता मानकोलीची. जमिनीवर गोदामं उभी राहिलेल्या घरची सून. एकदा बोहाडा बघायला आली आणि आपणच मोर व्हायचं, हे वेड घेऊन बसली. दर रविवारी स्कूटरवर पाड्यावर यायची. मातीच्या साच्यावर चिंचोक्याच्या खळीनं कागदाच्या पट्ट्या चिकटवायची, पिसाऱ्यासाठी कापडाच्या लूमवरच्या चिंध्या रंगवायची. घाई फार, थर पातळ. दाजी बघायचा आणि म्हणायचा, "बेस हाय, बाय."

ती गेली की सोमवारी तोच मुखवटा मांडीवर घेऊन चोचीला आणि हनुवटीला आतून चार थर चढवायचा. पुढच्या रविवारी प्राजक्ता मुखवट्यावर टिचकी मारायची आणि खूश व्हायची. तो मोर होऊन ती जत्रेत नाचली, तेव्हा दाजी गर्दीत मागं उभा होता. छाती फुगली होती त्याची.

दुसरा मोर तिनं घरीच केला, एकटीनं. धामणकर नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये वेशभूषेची स्पर्धा होती. स्टेजवर तिनं मान हलवली आणि घामानं भिजलेली चोच लोंबली, हनुवटी फाटली. पुढच्या रांगेत बसलेली नणंद रुचिका म्हणाली, "वहिनी, मोराची कोंबडी झाली गं." सगळा हॉल हसला.

दोन रविवार ती आली नाही. मग दाजीच रिक्षा बदलत बदलत मानकोलीला गेला. प्राजक्तानं त्याला चहा दिला, घडलेलं सांगितलं, फाटका मुखवटा पुढ्यात ठेवला.

"दाजी, मग पहिला कसा टिकला?"

दाजीला खोटं बोलता येईना. खाली बघत त्यानं सोमवारचं सगळं सांगितलं.

"म्हणजे तो मी केलाच नव्हता."

"डोळं तुझंच व्हतं, बाय. त्यांना म्या बोट लावलं न्हाय. तसं डोळं माझ्या हाताला कंदी जमलं न्हाय."

हे अगदी खरं होतं. पण ते सांगायचे किती रविवार त्यानं घालवले होते.

"आता हे तरी खरं कशावरून धरू?" ती हळूच म्हणाली. "पहिल्याच दिवशी थर पातळ म्हणाला असतात, तर मी पुन्हा दिले असते." आवाजात राग नव्हता. आता आपण पाड्यावर येणार नाही, एवढंच तिनं सांगितलं आणि रिकामा कप उचलला.

बापाच्या काठीनं भाऊ गेला होता. दाजीनं तर काठी कधी हातात घेतली नव्हती.

तो उठला, चपला घातल्या आणि गोदामाच्या भिंतीकडेनं रस्त्याला लागला. त्यानं वळून पाहिलं नाही. प्राजक्ता मात्र गच्चीच्या कठड्याशी उभी होती, उभ्या ट्रकांच्या रांगेआड त्याची टोपी दिसेनाशी होईपर्यंत.