आबांचं बसणं

माझे वडील, आबा, रेल्वेत चावीवाले होते. नरडाण्याच्या बाजूला रुळांचा एक तुकडा त्यांच्याकडे होता. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा टाकून त्या तुकड्यावरून रोज पायी जायचं, पायी यायचं. रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल दिसली की ठोकायची. तीसेक वर्षं त्यांनी एवढंच केलं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठली चावी मागच्या उन्हाळ्यात ठोकली होती ते विचारा, उभ्या उभ्या सांगत.

ते निवृत्त झाले तेव्हा एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्यात एका कचेरीत कारकून. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. आबांना मी धुळ्याला आणलं आणि ठरवून टाकलं, की या माणसाने आता पाऊल उचलायचं नाही. आमच्यात म्हातारा बाप खाटेवर बसून खातो यावरून मुलाची किंमत होते. बाप पिशवी घेऊन बाजारात दिसला, तर लोक बापाला नाही, मुलाला नावं ठेवतात. आणि मला तर लोकांची भारी काळजी.

आल्यावर चार-पाच दिवसांत आबा ज्वारीचा डबा खांद्यावर घेऊन गिरणीकडे निघाले. मी कचेरीतून येत होतो. भर रस्त्यात मी तो डबा त्यांच्या खांद्यावरून ओढून घेतला.

"आबा, माले लाज वाटस."

"रिकामं बठीसन मी काय करू रे?"

"काहीच करानं नही. आते फक्त बठानं."

माझ्या बायकोने त्यांच्या वहाणा पेटीमागे सरकवून ठेवल्या. पाणी खाटेवर, ताट खाटेवर. आबा हुकूम पाळणारे. जन्मभर साहेबाचा पाळला, आता माझा पाळला. गल्लीतले लोक म्हणायचे, "भाग्यवान म्हातारा!" आणि माझी छाती फुगायची. आज आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

वर्षभराने ते बोलता बोलता मध्येच थांबू लागले. मग परसात गेले की घराचं दार सापडेना. एकदा सुनेला विचारलं, "बाई, तू कोनी पोर शे?" ती आत येऊन रडली. मी तिलाच दटावलं, म्हातारपण म्हणजे असंच असतं म्हणून.

पुढे पुढे ते रोज संध्याकाळी विचारत, "तुन्ही माय कोठे गयी?" पहिल्यांदा मी खरं सांगितलं. ते ऐकून ते असे रडले, जणू आई त्याच क्षणी गेली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच रडणं. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "माहेरी गयी. ई जाई." येईल म्हटल्यावर ते शांत झाले. मग रोज आई माहेरी जाऊ लागली.

पाय सुजले म्हणून त्यांना एका वयस्कर डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, सूज दाबून पाहिली आणि विचारलं, "हे काय काम करायचे?" मी सांगितलं. आता काय करतात, हेही जरा अभिमानानेच सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अहो, रोज मैलोन्मैल चालणारा माणूस हा. पाय चालले की रक्त पळतं, नसा लवचिक राहतात. डोक्यालाही तेच रक्त लागतं. तुम्ही एका दिवसात सगळं बंद करून टाकलंत."

"बापाला सुखात ठेवणं हा काय गुन्हा झाला?" माझा आवाज चढला होता.

"गुन्हा नाही, चूक आहे. सगळं परत येईल असं मी म्हणत नाही. पण उद्यापासून त्यांना चालवा. थोडा दम लागेल इतपत, रोज."

घरी येऊन मी पेटीमागून वहाणा काढल्या. पहिला आठवडा गल्लीच्या टोकापर्यंतच गेलो. आबा माझ्या दंडाला धरून, मध्ये मध्ये थांबून चालायचे. "काय साहेब, म्हाताऱ्याला जुंपलं का?" असं कोणी ना कोणी म्हणायचंच. मी खाली मान घालून चालायचो. पांझरा नदीच्या पुलापर्यंत पोचायला दोन महिने लागले. मग दंड सुटला, आणि कधी कधी मीच मागे राहू लागलो. सुनेला ते ओळखू लागले, तिच्या हातच्या भाकरीला नावंसुद्धा ठेवू लागले. ती इतकी आनंदली की त्या दिवशी गोड केलं. सगळं काही आलं नाही. दार अजूनही एखाद्या दिवशी चुकायचं. पण संध्याकाळचा तो प्रश्न बंद झाला. मी म्हटलं, सुटलो.

एके सकाळी पुलाच्या मध्यावर आबा थांबले.

"तुन्ही माय मरी गयी ना?"

माहेर माझ्या जिभेवर आलंच होतं. ते गिळलं. "हा, आबा."

"कवय?"

"चार वरीस व्हयनात."

ते खाली पाण्याकडे पाहू लागले. मला धास्ती होती की आता रडणार, भर पुलावर. ते रडले नाहीत.

"मंग तू, ती माहेरी गयी असं का सांगे?"

"तुमले तरास नको म्हनीसन."

"तो तरास मना शे," आबा म्हणाले. "तो माले ऱ्हाऊ दे."

एवढं बोलून ते पलीकडे देवपूरच्या बाजूला चालू लागले. माझं पाऊल उचलेना. कठडा धरून मी तिथेच उभा राहिलो, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा तिच्यासाठी रडलो.