सात खेळाडू आणि पाच राखीव

आमचे हेडमास्तर मूळचे कबड्डीचे. शाळेत विज्ञानाला शिक्षक नव्हता म्हणून विज्ञानही तेच शिकवायचे, आणि कुठलाही धडा शेवटी मैदानावर आणून सोडायचे. माणूस मनाचा चांगला होता. पण त्यांच्या चांगुलपणाने मला नववीत जेवढा ताप दिला, तेवढा पुढे कुणाच्या दुष्टपणानेही दिला नाही.

वर्ष पंच्याहत्तरच्या आसपासचं असेल. वाशीमला शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि आमच्या किन्हीराजा गावाहून आम्ही एक हात नेणार होतो. लाकडी हात. चहाच्या खोक्याच्या फळ्यांचा. तो बाजूला वळायचा, खाली वाकायचा आणि लिंबू चिमटीत उचलून टमरेलात टाकायचा. हे सगळं पाण्याच्या जोरावर. माझे वडील सरकारी दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. त्यांनी दवाखान्यातून बाद झालेल्या सहा काचेच्या सिरिंजा आणल्या होत्या. दोन सिरिंजा रबरी नळीने जोडायच्या, आत पाणी भरायचं, इकडची दाबली की तिकडची सरकते. अशा तीन जोड्या.

हात बनवला आम्ही दोघींनी. मी आणि माझी मैत्रीण. तिच्या अब्बांचं बसस्टँडजवळ सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढताना ट्यूब घमेल्यात बुडवायची आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, हे ती चालायला लागल्यापासून बघत आली होती. त्यामुळे नळीत कुठे हवा शिरली, कुठे पाणी झिरपतं, हे तिला नुसतं बघून कळायचं. मी तासभर झटापट करायचे आणि ती येऊन म्हणायची, "सरक वं, तिथं हवा बसून राह्यली." आणि खरंच तिथेच बसलेली असायची. सिरिंज काढायची, तोंड वर धरायचं, बुडबुडा वर आला की हलकेच दाबून बाहेर काढायचा. तीन सिरिंजांना तीन हात, ज्यावर सगळं ठोकलं होतं तो पाट धरायला चौथा. म्हणजे दोन माणसं. याच्यापुढे हिशेबच नव्हता.

हेडमास्तरांनी आमचा हात बघितला, लिंबू उचललेलं बघून टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "टीम कुठाय?"

"आमी दोघी हाओत ना सर," मी म्हटलं.

"दोघी? अवं, दोघींची काय टीम असते? कबड्डीले सात लागतेत."

मला वाटलं गंमत करताहेत. गंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी सात नावं फळ्यावर लिहिलेली होती. टेबल सरपंचांच्या घरून येणार म्हणून सरपंचांचा पुतण्या. अक्षर चांगलं म्हणून तक्ता लिहायला एक. उंच म्हणून तो तक्ता धरायला एक. पोस्टमास्तरांच्या मुलाचे उच्चार शुद्ध म्हणून तो माहिती सांगणार, शिवाय तोच कॅप्टन. त्याने त्या हाताला तोवर बोटही लावलं नव्हतं. सातवा कशासाठी होता ते मला आजपर्यंत समजलेलं नाही. बहुतेक सात भरायला.

मी फणफणत घरी आले. वडील म्हणाले, "जाऊ दे, पोरं खुश होतेत." पोरं खुश होत होती आणि माझ्या सिरिंजा फुटत होत्या. प्रत्येकाला एकदा तरी दाबून बघायचं होतं. एक फुटली, वडिलांनी दुसरी आणली. तीही फुटली तेव्हा तिसरी आणताना वडीलही कुरकुरले. सराव म्हणजे सात जणांनी एकमेकांचे पाय तुडवायचे आणि लिंबू जमिनीवरून शोधून आणायचं.

मग हेडमास्तरांना आठवलं की संघाला पाच राखीव खेळाडू असतात. कोणी आजारी पडलं तर? आता आली का पंचाईत! बारा नावं झाली. आणि एका वजनदार घरच्या मुलाला सातात घ्यायचं म्हणून त्यांनी माझ्या मैत्रिणीला राखीवमध्ये टाकलं.

माझं डोकंच फिरलं. सरळ त्यांच्या खोलीत गेले. "सर, हात तिनं बनवला. राखीव काहून?"

"अवं, राखीवबी टीमच असते."

मी दोन दिवस त्यांच्या तासाला मान वर केली नाही. मैत्रीण मात्र शांत होती. म्हणाली, "मले फक्त एकदा त्या टेबलामागं उभं राह्याचं हाय. अब्बा दुकान बंद करून पाह्यले येनार हायेत." बस, तिला एवढंच हवं होतं. मी म्हटलं, तू उभी राहशील, मी बघते.

वाशीमला आमची वरात उतरली. बारा पोरं, पांढरे शर्ट, शिट्टी वाजवणारे हेडमास्तर आणि 'यंत्रमानव' लिहिलेला तक्ता. परीक्षकांनी आमच्याकडे बघून विचारलं, "लेझीम पथक आहे का?" मग म्हणाले, टेबलामागे दोनच विद्यार्थी, बाकीचे सुतळीच्या बाहेर. परिपत्रकात मागच्या बाजूला लिहिलंय. हेडमास्तरांनी परिपत्रक उलटून बघितलं नव्हतं.

त्यांचा चेहरा पडला. माझ्याकडे वळून म्हणाले, "तूच सांग माय, तुह्यासंगं कोन?"

महिनाभर मी याच प्रश्नाची वाट बघत होते. सुतळीपलीकडे मैत्रीण उभी होती. तिच्या मागे तिचे अब्बा, धुतलेल्या शर्टात. आणि मला एकदम सुचलं की परीक्षक प्रश्न विचारतील. ती 'मले' म्हणेल, मीही 'मले' म्हणेन. दुसऱ्या शाळांची मुलं पुस्तकासारखी बोलत होती. मला नंबर हवा होता.

मी कॅप्टनचं नाव घेतलं.

तो बोलला मात्र झकास. पण हात वाकेना. नळीत हवा शिरली होती, आणि हा आपला सिरिंज जोराने दाबतोय. मीही माझी सिरिंज दाबून बघितली, काही होईना. तेवढ्यात सुतळीपलीकडून ओरडा आला, "तोंड वर कर वं, तोंड!"

मी सिरिंज काढली, तोंड वर धरलं, बुडबुडा घालवला. पुढच्या मिनिटाला लिंबू टमरेलात पडलं.

परीक्षक खुश झाले, पण कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "बाहेरून सांगायचं नाही. ती मुलगी कोण?"

मी म्हटलं, "राखीव आहे, सर."

तिने ऐकलं. तिच्या अब्बांनीही ऐकलं.

आम्हाला दुसरा नंबर मिळाला. प्रशस्तिपत्रावर दोन नावं होती, माझं आणि कॅप्टनचं. परतीच्या बसमध्ये हेडमास्तर सगळ्यांना चिवडा वाटत होते. मैत्रीण माझ्या शेजारीच बसली, कारण लाकडी हात तिच्या मांडीवर होता आणि सिरिंजांमधलं पाणी तिलाच काढायचं होतं. एकेक सिरिंज तिने खिडकीबाहेर रिकामी केली, ओढणीने पुसली आणि सहाही माझ्या पिशवीत ठेवल्या.

"तुह्या बाबाले वापस देजो," ती म्हणाली. "आज एकबी फुटली नाही."

हेडमास्तरांवर मी आयुष्यभर चिडत आले. पण त्यांनी दोनाचे बारा केले तरी तिचं नाव यादीत ठेवलं होतं. माझा दोनाचा आकडा बरोबर होता, आणि त्यात ती नव्हती.