मटक्यावरचा हिमालय

काल सक्करदऱ्याच्या चौकात लंबी रोटी भाजल्याचा वास आला आणि शेजारची शांतामावशी आठवली. दहावीचा भूगोल डोक्यात शिरत नव्हता, म्हणून मी पुस्तक घेऊन तिच्या चुलीपाशी रडत बसले होते.

"काहून रडून राहिली वं?"

"दोन भूपट्ट आदळले तर पर्वत कसा होते, समजूनच नाही राहिलं."

मावशीने तापलेल्या पालथ्या मटक्यावर रोटी टाकली आणि ती ओली असतानाच दोन्ही हातांनी कडांकडून आत रेटली. मधोमध एक उंच घडी उभी राहिली.

"पाय वं इकडे. दोन्हीकडून रेटलं, का मधातलं वर येते."

पुढे शाळेत भूगोल शिकवताना मी वर्षानुवर्षं हेच करून दाखवलं, पण थंड कणकेवर. त्या दिवशी मला फक्त डोंगर दिसला होता. मावशीने घाईने पदरात गुंडाळलेली बोटं आता दिसतात.