आईची राहून गेलेली टेकडी

मित्रांनो, आज नाईट ड्यूटी करून आलो आणि तसाच आईला घेऊन तळ्याकाठच्या बागेत गेलो. महिनाभर ती मागे लागली होती.

टेकडीवर जाणाऱ्या वाटेपाशी बाकावर जरा टेकलो, तर झोपच लागली. जाग आली तेव्हा ऊन चढलं होतं आणि ऐंशी पार केलेली माझी आई माझ्या तोंडावर पदराची सावली धरून बसली होती.

"उठवलं कावून नाई मले?"

"तुया बाप बी इथंच झोपला होता," ती म्हणाली.

इथला कारखाना बांधणं चालू होतं तेव्हाची गोष्ट. बाबा भट्टीच्या पायव्याच्या कामावर होते, रविवारीही ओव्हरटाइम. लग्नानंतर पहिल्यांदा सुट्टी मिळाली, तेव्हा ते आईला टेकडी दाखवायला कामगार वसाहतीतल्या सेक्टर 2 मधून पायी घेऊन आले. बाग तेव्हा नव्हती. तळ्याकाठी बाबा जरा बसले आणि संध्याकाळपर्यंत झोपून राहिले.

"राग नाई आला तुले?"

"आला ना, लई आला. पण हात पाह्यले त्याचे, पार सोलून निघाले होते. कसं उठवू?"

"मग टेकडीवर कधी गेली?"

"कुठं गेली? मंग तुमी लेकरं झाले."

पाय जड झाले होते, तरी उठलो. तिचा हात धरून, थांबत थांबत वर चढलो. वरून तिनं तळं बराच वेळ पाहिलं. "चांगलं आहे," एवढंच म्हणाली.

मी रिटायरमेंटला आलो, पण तिचं काय राहून गेलं, हे आज पहिल्यांदा विचारलं. तुम्ही घरी कधी विचारलंय का?