तो रेग्युलेटर मीच हलवला होता

संस्थेची जीप जुनी होती, पण डोंगराच्या वाटेला तिच्यासारखी दुसरी गाडी आमच्याकडे नव्हती. मी तेव्हा त्या संस्थेतर्फे गावोगावच्या जनावरांना लस टोचायचं काम करायचो. डॉक्टर नव्हतो, दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम केलेला माणूस. पण हातात सुई असली की बालाघाटावरचे मेंढपाळ कुणालाही डाक्टरच म्हणतात. मीही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

जीपचं एक दुखणं कायमचं होतं. बॅटरीला किती करंट जाऊ द्यायचा ते ठरवणारा रेग्युलेटर, म्हणजे तळहाताएवढा लोखंडी डबा, बोनेटच्या आत सायलेन्सरच्या पाइपाजवळ बसवलेला होता. उन्हाळ्यात तो भाजून निघायचा आणि पावसाळ्यात ओढा ओलांडला की चिखलाचं पाणी थेट त्याच्यावर उडायचं. वर्षातून दोनदा तरी जळायचा आणि मग गाडी कुठल्यातरी माळावर मुक्याने उभी.

दिंद्रुडच्या मिस्त्रींनी उपाय सुचवला. गाड्यांच्या वायरिंगचं त्यांचं छोटं दुकान होतं. पन्नाशीचे, कमी बोलणारे, चष्म्याची एक काडी वायरच्या तुकड्यानं बांधलेली.

"ह्याला तिथनं उचलू आन् आत आणू," ते म्हणाले. "डॅशबोर्डाच्या खाली. तिथं ना आच, ना पाणी."

काम अर्धा दिवस चाललं. मी शेजारी स्टुलावर बसून बघत होतो. जुन्या वायरी पुरणार नव्हत्या म्हणून त्यांनी प्रत्येक वायरीला नवा तुकडा जोडला, जोडावर सोल्डर ओतलं, वर टेप गुंडाळली. पत्र्याच्या भोकात रबराची चकती बसवून मगच वायरी आत ओढल्या, नाहीतर पत्र्याची धार त्यांना कापते. रेग्युलेटर जिथं बसणार होता तिथला रंग पातीनं खरवडून पत्रा चकचकीत केला. एवढं झाल्यावरही त्यांनी रेग्युलेटरच्या अंगापासून चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, वेगळी काळी वायर टाकली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"अर्थिंग. गाडी म्हातारी हाय, पत्र्याचा भरवसा न्हाई. हिला हात लावू नका. ही सुटली तर रेग्युलेटरला कळनारच न्हाई कवा थांबायचं ते. करंट नुसता वाहत ऱ्हाईल."

त्यांनी इंजिन चालू करून मीटर लावलं. आकडा चौदा व्होल्टच्या आसपास जाऊन थांबला. मिस्त्रींनी मान हलवली आणि हात पुसले.

त्याच महिन्यात संस्थेनं गाडीच्या बॅटरीवर चालणारी थंड पेटी घेतली. तोवर मी थर्माकोलच्या खोक्यात बर्फ भरून लस न्यायचो. पहाटे उठून बर्फ आणा, तो वितळायच्या आत पोचा, अशी धावपळ असायची. पेटी आली आणि मी बर्फ नेणं बंद केलं.

आता मी केलं ते सांगतो. डॅशबोर्डाखाली डाव्या बाजूला मला रजिस्टरं आणि सुयांचे डबे ठेवायला जागा हवी होती. मी तिथं प्लायवूडची फळी ठोकली. रेग्युलेटर मध्ये येत होता. एका रविवारी दोन स्क्रू काढले आणि तो वीतभर बाजूला, त्या फळीवरच बसवून टाकला. बाकीच्या वायरी पोचल्या. काळी वायर चार बोटं कमी पडली. तिला जोड द्यायला घरात तुकडा नव्हता. मी तिचं टोक मागे खोचून दिलं. मिस्त्रींचं बोलणं मला आठवत होतं. आठवत नव्हतं असं मी पुढे बराच काळ स्वतःला सांगत आलो, पण ते खोटं आहे. गाडी चालू झाली, हॉर्न वाजला, म्हणून मी उठलो.

उलट दिवे पहिल्यापेक्षा पांढरे स्वच्छ पडायला लागले. मला वाटलं, बरंच झालं. तीन-चार दिवसांनी गाडीत नासक्या अंड्यासारखा वास येऊ लागला, तो मी जनावरांच्या औषधांवर ढकलला. खरं तर जास्तीच्या करंटनं बॅटरी उकळत होती.

मे महिना होता. डोंगरावरच्या एका तलावाकाठी मेंढपाळांचा तळ पडला होता आणि मला पीपीआरची लस टोचायला जायचं होतं. हा रोग कळपात शिरला की ताप, नाकातोंडातून घाण, तोंडात फोड, मग हगवण, आणि आठवडाभरात मेंढरं आडवी. लस चांगली आहे, पण ती जिवंत असते. ऊन लागलं की मरते, आणि मेलेली लस म्हणजे पाणीच.

तळावर एक बाई माझी वाट बघत होती. मूळची कडा गावाकडची, वय साठीकडे झुकलेलं. नवरा पायानं अधू झाल्यापासून कळप तीच हाकत होती. मी तिला मावशी म्हणायचो. तिनं सकाळपासून मेंढरं चरायला न सोडता जाळीच्या आत अडवून धरली होती.

मी पेटीचं झाकण उघडलं. आत बाहेरच्यासारखीच हवा होती. पंखा बंद, दिवा बंद; जास्तीच्या करंटनं पेटी जळली होती. मी एक बाटली उचलून गालाला लावली. ती गार नव्हती. गरमही नव्हती, आणि त्या एका गोष्टीला मी धरून राहिलो. कदाचित आत्ताच बंद पडली असेल, शेवटच्या चढाला.

मावशीनं पहिली मेंढी पायानं ओढून आणली होती. "टोचा डाक्टर, उन्हं चढायलीत. सकाळपसनं उपाशी हायती."

'उद्या येतो' एवढंच म्हणायचं होतं. त्यासाठी तिला सांगावं लागलं असतं की पेटी बंद पडली, तिनं 'कशानं' असं विचारलं असतं. मी बाटलीतल्या लसीच्या भुकटीत पाणी सोडलं, हलवलं, सुई भरली. तासाभरात सगळा कळप टोचून झाला. जाताना तिनं मला शेळीच्या चिकाचा खरवस बांधून दिला.

घरी येऊन मी फळी उचकटली, रेग्युलेटर मिस्त्रींनी बसवला होता तिथं परत बसवला आणि काळी वायर जोडली. कुणाला काही दिसू नये म्हणून.

तो तळ त्याच तलावाकाठी आणखी दहा दिवस होता. मला ते माहीत होतं. नवी लस आणि बर्फ घेऊन परत जाता आलं असतं. रोज सकाळी मी ठरवायचो, आणि रोज काहीतरी दुसरं काम निघायचं. ते मीच काढायचो.

रोग तीन आठवड्यांनी आला. निरोप मिळाल्यावर मी गेलो तेव्हा तळ खालच्या बाजूला सरकला होता. जाळीच्या आत मेंढरं माना टाकून उभी होती. मावशी एका कोकराच्या तोंडातले फोड हळदीनं पुसत होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

"टोचलं व्हतं ना समद्यांना? मंग कावून मरायलीत?"

मी म्हणालो, "मावशी, पेटी बिघडली होती. दिंद्रुडच्या मिस्त्रीनं वायरिंग नीट केलं नव्हतं. मला नंतर कळलं."

तीन वाक्यं बोललो. त्यातलं पहिलं खरं होतं.

एकोणीस मेंढ्या गेल्या, आणि कोकरं वेगळी. मी रोज जाऊन सलाईन लावत होतो, औषधं देत होतो. आजूबाजूचे मेंढपाळ म्हणत, डाक्टर लई राबतोय. ते ऐकूनही मी कुणाला गप्प केलं नाही.

बाजाराच्या दिवशी मावशी दिंद्रुडला मिस्त्रींच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली. चार लोकांत त्यांना बोलली. मी तिथं नव्हतो, मला दुसऱ्यांकडून कळलं. मिस्त्रींनी एक शब्द उलट काढला नाही म्हणे. फक्त मला निरोप धाडला की गाडी घेऊन या.

त्यांनी डॅशबोर्डाखाली डोकं घालून एकेक जोड ओढून बघितला. मीटर लावलं. चौदा. परत लावलं. मग खाली जमिनीवरच बसले.

"समदं तर बरोबर हाय. मग माज्या हातनं काय ऱ्हायलं व्हतं?"

"जुनी गाडी आहे, मिस्त्री," मी म्हणालो. "होतं कधी कधी."

त्यांनी बॅटरी मात्र बदलून दिली. पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर दीड वर्ष मी त्यांच्या दुकानाकडे फिरकलो नाही. गाडी माजलगावला नेऊ लागलो. मग एकदा हेडलाइट बंद पडला आणि वाटेत दिंद्रुडच होतं. भर दुपारची वेळ. मिस्त्री एका ट्रॅक्टरचं काम करत होते. अर्थिंगचा स्क्रू त्यांनी आवळला, परत सोडला, पत्रा पुन्हा खरवडला, परत आवळला. तिसऱ्यांदा तसंच. मग शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारून म्हणाले, "जरा बघ रे, बसलाय का नीट." ज्या माणसाच्या जोडाकडे दुसऱ्या कुणी बघायची कधी गरज नव्हती, तो पंक्चरवाल्याला विचारत होता. ट्रॅक्टरवाला गेल्यावर ते मला म्हणाले, "आता मी औषिदाच्या गाड्या घेत न्हाई. रुग्णवाहिका बी न्हाई. उगं कुनाचा जीव."

मी म्हणालो, "मिस्त्री, तो रेग्युलेटर मीच हलवला होता. फळीवर बसवला. काळी वायर मी सोडली होती, नंतर मीच परत जोडली."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"दीड वरीस मी डोस्क्यात तीच गाडी उलगडतोय," ते म्हणाले. "रोज."

"माझं चुकलं."

"हे मला सांगून काय करता? तिला सांगा. चला, मी बी येतो."

दुकानाचं शटर त्यांनी अर्धं ओढलं आणि जीपमध्ये येऊन बसले. मावशीचा तळ तेव्हा दोन कोसांवर होता. वाटेत ते एकदाही डॅशबोर्डाखाली वाकून बघायला गेले नाहीत.

मावशी जाळीच्या दोऱ्या गुंडाळत होती. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. बाटली गालाला लावली ते, आणि ती गार नव्हती हे मला तेव्हाच कळलं होतं, तेही. मी मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढचं राहून गेलं असतं.

ती म्हणाली, "त्याच दिवशी सांगितलं असतंस तर म्या तितंच थांबले असते. दुसऱ्या दिशी टोचली असतीस."

ती मला नेहमी अहो-जाहो करायची. त्या दिवशी एकेरीवर आली, आणि आवाज मात्र चढला नाही.

वायर सोडली ती चूक, हे मी माझ्याशी केव्हाच कबूल केलं होतं. पण मेंढरं त्या चुकीनं मेली नव्हती. नंतरचे दहा दिवस मी गप्प बसलो त्यानं मेली होती, आणि हे तिनं एका दमात सांगून टाकलं.

मग ती मिस्त्रींकडे वळली. "दादा, तुमाला म्या बाजारात लई बोलले."

"जाऊ द्या आक्का," मिस्त्री म्हणाले. "तुमाला तरी काय ठावं."

तिनं चूल पेटवून चहा टाकला. मिस्त्रींना बसायला घोंगडी दिली. चहा तिघांना झाला, मलाही दिला, तसाच, त्याच किटलीतून. त्या दोघांचं कुठल्याशा गावच्या विहिरीला पाणी कसं आहे यावर बोलणं चाललं होतं. मी कप दोन्ही हातांत धरून बसलो आणि कुणी माझ्याकडे बघेना.

मी संस्थेलाही लेखी कळवलं. माझी डोंगरावरची कामं काढून मला कार्यालयात बसवलं, ते बरोबरच झालं. मावशी अजून त्या बाजूला येते असं ऐकतो. तिच्या कळपाला आता एक नवीन मुलगी लस टोचते. मिस्त्री भेटले की नमस्कार करतात. आमच्या जीपला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही, आणि मीही कधी लावा म्हटलं नाही.